जॅझ गिटार: स्केल पाठ आहेत, तरी जॅझ का वाटत नाही? या चुका टाळा

स्केल (सुरांचे क्रम) पाठ, कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) आकार पाठ, तरी वाजवलेलं जॅझसारखं लागत नाही. अशा वेळी बोटांना बोल लावू नका. घोटाळा बहुतेकदा कानाचा असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक कॉर्डला वेगळं स्केल लावत बसणं. मीही वर्षभर तेच केलं. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही जॅझमध्ये पदोपदी भेटणारी साखळी. तिच्यासाठी तीन स्केल आठवू नका, दोनच सूर धरा. बारीक तारेकडून मोजून चौथ्या तारेवर दहाव्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या पट्टीला) सी, तिसऱ्या तारेवर दहाव्याच फ्रेटला एफ. कॉर्ड जी सेव्हन झाली की फक्त सी एक फ्रेट मागे घ्या: बी. सी मेजर सेव्हन आली की एफही एक फ्रेट मागे: ई. संपलं. कॉर्ड बदलल्याचं एवढ्यावरच ऐकू येतं. सोलो (एकट्याने उत्स्फूर्त सुरावट) वाजवताना बदलाच्या क्षणी यांतला एखादा सूर गाठलात, तर मधले सूर थोडे इकडेतिकडे झाले तरी खपून जातात.

दुसरी खोड सहाही तारा छेडण्याची. बास वाजवणारा सोबत असेल तर मूळ सूर त्याचा, तो त्यालाच वाजवू द्या. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून जवळजवळ ५० वर्षं ताल धरणारे गिटारवादक फ्रेडी ग्रीन मोजक्याच तारा वाजवायचे, सोलो तर क्वचितच. तरी अख्खा बँड त्यांच्या ठेक्यावर चालायचा.

ठेक्यावरून आठवलं: मेट्रोनोमचा (ठरावीक लयीत टोले देणाऱ्या यंत्राचा) टोला चारपैकी पहिल्या मात्रेवर नको, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडू द्या. सुरुवातीला हमखास चुकाल. आणि स्विंग, म्हणजे एक सूर लांब, एक आखूड असा जॅझचा झोका, म्हणजे कायम घोड्याची दुडकी चाल नव्हे. लय वाढते तसे सूर जवळजवळ समान अंतरावर येतात.

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवायचे, म्हणून पिक (तार छेडायची चकती) टाकून देणारे बरेच. पण ते आधीच्या पिढीतल्या गिटारवादक चार्ली क्रिश्चनचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून शिकले, हे कोण उचलतो? टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट ते लिहिलेला कागद) बाजूला ठेवा. सोलोचे चारच बार (मात्रांचे गट) घ्या, आधी तोंडाने म्हणा, मग तारांवर शोधा. गळ्यातून निघत नाही तोवर गिटारला हात नको.

आवाज मऊ हवा म्हणून टोनचा नॉब पार शून्यावर नेऊ नका. सगळं घोंगडीखालून ऐकू येतं.