हेल्मेट घेताना घाई नको
हेल्मेट डोक्यावर चढवलं, आरशात बघितलं आणि पैसे दिले, असं करू नका. दुकानातच 10-15 मिनिटं घालून बसा. गाल चेपले गेले, बोलताना दाताखाली येतायत असं वाटलं तरी हरकत नाही. गालाचे पॅड वापरून सैलावतात. पण कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं, काढल्यावर लाल वळ दिसला, तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. मोठा नंबर मागू नका, दुसरं मॉडेल बघा. मग पट्टा आवळून मागची कड कुणाला तरी वर-पुढे ढकलायला सांगा. डोक्यातून निघालं तर नापास.

आवाजाचं म्हणाल तर वारा बराचसा मानेकडून आणि हनुवटीखालून शिरतो. तिथली फट कमी हवी, काच रबरावर घट्ट बसायला हवी. (महागडं हेल्मेटही हायवेवर पूर्ण शांत नसतं.)

आयएसआयची खूण बघालच, पण रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात ती खोटीही चिकटवलेली असते. खुणेजवळचा सीएम/एल क्रमांक (म्हणजे परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाका, परवाना कोणाचा ते लगेच दिसतं.