१०८ ला फोन लावला की आधी वाट सांगा

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मी १०८ ची गाडी चालवतो. आमच्या सेवेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात. तुमचा फोन माझ्याकडे येत नाही, तो पुण्याच्या कंट्रोल रूमला लागतो. तिथल्या माणसाला तुमचा टोला, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, कुठून माहीत असणार? म्हणून जिल्हा, तालुका, गाव, मग टोला, असंच सांगत या. जवळचं आरोग्य केंद्र कोणतं तेही सांगा. ‘शाळेपाशी या’ एवढ्यानं भागत नाही. एका पावसाळी रात्री त्याच शब्दांवर विसंबून मी भलत्याच गावच्या शाळेपुढे उभा होतो, आणि इकडे ती बाई कळा सोसत माझी वाट पाहत होती. ते अजून मनातून जात नाही.

फोन रोग्याजवळच्या माणसानंच करावा. श्वास कसा चालतो, शुद्ध आहे का, रक्त किती गेलं, हे त्यालाच दिसतं. गाडीतले डॉक्टर वाटेतून परत फोन करतात, तेव्हा तो मोबाइल मोकळा ठेवा. रेंज टेकाडावरच येत असेल तर एक पोरगा तिथं बसवून ठेवा.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जात असेल तर पहिल्याच फोनमध्ये बोला. वाहत्या पाण्यात रोग्याला बाजेवर घेऊन उतरू नका. गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजवा. साप चावला असेल तर दोरी आवळू नका, चिरू नका, तो हात-पाय हलू देऊ नका. मण्यार चावली तर फारसं दुखतही नाही, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं रोगी हलवले गेले आहेत. पण आपण फोन केला की ते येतं असं नाही. डॉक्टर आणि प्रशासन ठरवतात, शिवाय ढग खाली उतरले तर उडता येत नाही. येणार असं कळलं तर जागेवरची ताडपत्री, तणस, वाळत घातलेले कपडे आधी उचला. पोरं आणि गुरं लांब न्या. रोग्याची चादर अंगाखाली खोचा, डोक्यावरचा दुपट्टा काढून ठेवा. सलाइनची बाटली उंच धरू नका. आतल्या माणसानं खूण केल्यावरच, वाकून, समोरून जा. शेपटीकडं कुणीच जायचं नाही. तिकडचा पंखा फिरताना डोळ्याला दिसत नाही. सोबतच्या नातेवाइकाला जागा मिळेलच असं नाही, म्हणून आधार आणि माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोग्याजवळच बांधा.

गाडी येणार असेल तर रात्री रपट्याच्या तोंडाशी एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. हेडलाइटच्या उजेडात पाण्यापलीकडचा रस्ता मला दिसत नाही, बॅटरी मात्र लांबून दिसते.