‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर नको असेल तर या चुका टाळा

दर अधिवेशनाच्या तोंडावर माझ्याकडे दोन-चार पोरं येतात, हातात निवेदन, आणि बोलणं एकच, "भाऊ, यावेळी एसटीवरून मंत्र्याला सभागृहात धरायचंच." धरा ना भो, मी कुठं अडवतोय. पण मी बारा-तेरा वर्षं जळगावला अपडाऊन करतोय, त्यातली निम्मी तरी एसटी आणि रेल्वेच्या मागे कागद घेऊन फिरण्यात गेलीत, आणि त्याच त्याच चुका बघून आता डोकं उठतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढचा आला की हेच वाचायला देईन.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे प्रश्न फुगवून लिहिणं. यात दुसऱ्याला नावं ठेवायची सोय नाही, पहिल्यांदा ती मीच केली. आमच्या तालुक्यातलं एक गाव, नाव नको, तालुक्यापासून अठरा किलोमीटर. तिथली मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, बंद झाली, मग सकाळची साडेसहाची पण बंद झाली. पोरींकडे अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास, आणि गाडीच नाही, म्हणजे पास दप्तरात घालून फाट्यापर्यंत पायी. मी रागारागात आमदारांसाठी प्रश्नाचा मसुदा लिहिला की अमुक गावाची बससेवा "पूर्णपणे बंद" आहे, हे खरे आहे काय. ते "पूर्णपणे" मी मुद्दाम घातलं, म्हटलं जरा जोर येईल. प्रश्न तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, म्हणून लागला पण त्या दिवशी तिथपर्यंत नंबरच आला नाही, मग लेखी उत्तर पटलावर. उत्तर काय? "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." झालं. कारण मंगळवारी बाजाराच्या दिवशी एक फेरी जायची. आठवड्यातून एक गाडी म्हणजे बंद नाही, आणि पहिलाच भाग खोटा ठरला म्हटल्यावर "असल्यास" ने सुरू होणारे पुढचे सगळे भाग आपोआप कोसळले.

विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचाच तसा आहे. "हे खरे आहे काय", मग "असल्यास चौकशी केली काय", मग "नसल्यास विलंबाची कारणे काय". पहिल्या ओळीत जे लिहाल त्याच्यावर बाकीचा सगळा इमला उभा. तिथं एक शब्द जास्त झाला की उत्तर लिहिणारा कारकून तोच शब्द धरतो, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा, शब्द आपणच दिलेला असतो.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं तर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दोनशे पानी वही ठेवली. तारीख, गाडीची वेळ, आली का नाही, आली तर गाडीचा नंबर. टपरीवाला स्वतः लिहायचा, तो नसला तर त्याचा पोरगा, मंगळवार धरून, एक दिवस सोडला नाही. दीड महिन्याची वही झाली. तिकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून आगाराचीच नोंद मागितली, नियोजित फेऱ्या किती, रद्द किती, रद्द किलोमीटर किती, कारण काय. मग प्रश्नात एकही विशेषण नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतक्या नियोजित फेऱ्यांपैकी इतक्या रद्द झाल्या, हे खरे आहे काय. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." आम्ही त्या दिवशी जिलेबी वाटली, गावातल्यांना वाटलं हे येडे झाले. पण "अंशतः" आलं ना की पुढचे सगळे भाग जिवंत होतात, कारणं द्यावी लागतात, चालक-वाहक कमी आहेत का गाड्या नादुरुस्त का भारमान, म्हणजे गाडीतले प्रवासी, कमी हे कागदावर लिहून द्यावं लागतं. सकाळची गाडी परत सुरू झाली. मुक्कामी गाडी अजून नाही.

नवीन पोरांना ही वही नको असते. त्यांना एका दिवसात व्हिडिओ पाहिजे, मंत्र्याला टॅग केलं की झालं. व्हिडिओला टाळ्या मिळतात, पण त्याला सही-शिक्क्याचं उत्तर द्यायला मंत्री बांधील नसतो.

आता "महामंडळ स्वायत्त आहे" ऐकून गप्प बसणारे. हे तर फारच. एसटी १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते, आणि त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये राज्य सरकार महामंडळाला सर्वसाधारण सूचना देऊ शकतं असं लिहिलंय. हिशोब तपासतो कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, आणि तो अहवाल सरकारने विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. त्यात परत कितीतरी वेळा परिवहन मंत्रीच महामंडळाचा अध्यक्ष राहिलाय, दिवाकर रावते होते, अनिल परब होते. एकच माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत निर्णय घेणार आणि मंत्र्याच्या खुर्चीत "तो महामंडळाचा विषय" म्हणणार, आणि आपण मान डोलावणार? २०२१ चा एसटीचा संप आठवा, विलीनीकरणाची मागणी, त्यावरच्या समितीचा अहवाल मार्च २०२२ ला विधिमंडळातच मांडला ना. तेव्हा नाही कुणी म्हटलं विषय महामंडळाचा आहे.

देशपातळीवर हा वाद साठ वर्षांच्या वर जुना आहे. १९५७ साली खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत एलआयसीचं मुंधडा प्रकरण, म्हणजे हरिदास मुंधडाच्या कंपन्यांत एलआयसीने पैसे गुंतवल्याचं, काढलं. एलआयसी पण महामंडळच. छागला आयोग बसला, सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही असं ठरलं, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. अर्थात म्हणून एका गाडीचा प्रश्न मंत्र्याच्या गळ्यात मारता येतो असं नाही, तो रोजच्या कारभाराचा म्हणून बाजूला पडू शकतो. म्हणून मी गावाची फेरी उदाहरण म्हणून घेतो आणि प्रश्न आगाराचा, जमलं तर पूर्ण विभागाचा करतो. किती चालक, किती जागा रिकाम्या, सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला किती दिले, किती बाकी. इथं मंत्र्याला बोलावंच लागतं.

बारक्या चुका पटापट सांगतो. रेल्वेचं निवेदन आमदाराला देऊन वर्षभर वाट बघू नका, रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे आणि ते महामंडळ पण नाही, सरळ मंत्रालयाचं खातं आहे, म्हणून पीजे, म्हणजे आपली पाचोरा-जामनेर रेल्वे, तिच्याबद्दल खासदारांमार्फत लोकसभेत विचारा. अंमळनेर-नंदुरबारकडच्या लोकांनी भुसावळच्या डीआरएमला, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला, अर्ज पाठवणं बंद करा हो, सुरत लाईन पश्चिम रेल्वेची आहे, भुसावळ मध्य रेल्वेचं. तुमचा अर्ज नुसता फिरत राहतो. लोकसभेत एका खासदाराच्या नावावर दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागतो, तोही सोडतीत आला तर, म्हणून दहा विषय एका कागदावर कोंबू नका. आणि तिथं पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, अधिवेशन सुरू झाल्यावर धावत येणाऱ्याला मी चहा पाजतो आणि घरी पाठवतो.

हक्कभंग, हक्कभंग (म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग) ओरडू नका. मंत्र्याने जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आकडा चुकला म्हणजे हक्कभंग नाही. अपघात झाला की लगेच "शास्त्रीजींनी १९५६ ला अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर राजीनामा दिला होता" असं ग्रुपवर टाकणारे पण खूप. दिला होता, मोठा माणूस. पण मला खरं सांगायचं तर राजीनाम्यापेक्षा मंत्री खुर्चीत बसून उत्तर देतो ते जास्त उपयोगाचं वाटतं, गेलेल्या मंत्र्याला कुणी उपप्रश्न विचारत नाही. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आता दुसरी मोठी चूक, जी जुनेजाणते पण करतात. मंत्री सभागृहात म्हणतो "तपासून कार्यवाही करू", दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी, फटाके, आमदारांचा सत्कार, आणि विषय संपला. अरे तिथं तर काम सुरू होतं. सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत जात नाही, त्याच्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत तर "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" अशी वाक्यं आश्वासन धरायची अशी यादीच आहे, आणि तीन महिन्यांत पूर्तता करायची असते. म्हणून मी आमदारांच्या पीएला उपप्रश्न लिहून देतो तो असा की उत्तरात तारीख किंवा निदान "करण्यात येईल" हे शब्द यावेत. "मंत्रिमहोदय लक्ष घालतील का" असं विचारलं तर "हो, घालू" येतं, त्याचं काय लोणचं घालायचं? मग सभागृहाच्या कामकाजाची प्रत काढतो, ते वाक्य पेनाने अधोरेखित करतो, वहीत तारीख टाकतो आणि तीन महिन्यांनी तेच वाक्य जोडून पत्र.

समित्यांना लोक हसतात, मला माहितीये. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याला आली तेव्हा विश्रामगृहाच्या खोलीत रोकड सापडली, ते सगळ्यांनी वाचलंय, त्यानंतर समितीचं नाव काढलं की टपरीवर हशा पिकतो. पण सरकारी महामंडळांचा कारभार तपासणाऱ्या सार्वजनिक उपक्रम समितीपुढे महामंडळाचे अधिकारी कॅगचा अहवाल समोर ठेवून बसतात, तिथं "माहिती घेऊन सांगतो" फार वेळा चालत नाही. जिल्ह्यात दौरा लागला की निवेदन द्या, दोन पानं, वर आकडे, फोटो नको, हार तर अजिबात नको.

टपरीवरची वही चालू आहे, तिसरी. मुक्कामी गाडीचं पान वेगळं केलंय.