शांता आपटेंना समजून घ्यायचंय? मग ह्या क्रमाने जा

१९३०-४० च्या दशकांतल्या गायिका-नटी शांता आपटेंकडे वळायचं असेल तर प्लीज गाण्यांच्या प्लेलिस्टपासून सुरुवात करू नका. त्या काळात बरेचसे गाणारे नट-नट्या एका जागी उभं राहून गायचे आणि ह्या बाई हातांनी, डोळ्यांनी, चालता-फिरता गायच्या, ते नुसतं ऐकून कळत नाही, बघावंच लागतं.

तर पहिला 'कुंकू' (१९३७) लावा. आधी मराठी, वेळ असेल तर मग हिंदी 'दुनिया न माने' पण, प्रभात फिल्म कंपनीने दोन्ही केलेत आणि एकच बाई दोन भाषांत तोच संताप कसा मांडते ते बघण्यासारखं आहे. आणि हेडफोन लावाच, कारण सिनेमात वेगळं पार्श्वसंगीतच नाहीये, घड्याळाची टिकटिक वगैरे घरातलेच आवाज, त्यामुळे नीरा (म्हणजे शांताबाईंचं पात्र) गायला लागली की सगळं लक्ष तिच्या गळ्याकडे जातं. अमेरिकन कवी लाँगफेलोची कविता तर ती चक्क इंग्रजीत गाते, १९३७ साली, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली पोरगी! सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा छडीने त्याला फोडून काढते तो सीन परत लावून बघा, चेहऱ्यावर कुठेही बिचारेपणा नाही.

चरित्र त्यानंतर. जन्म १९१६, दुधनीचा, वडील स्टेशनमास्तर, गाणं पंढरपूरला शिकल्या, १९३२ ला 'श्यामसुंदर', १९३४ ला 'अमृतमंथन'. एवढं पुरे, थांबायचं ते १९३९ पाशी. कॉन्ट्रॅक्टवरून कंपनीशी वाजलं तेव्हा ही स्टार बाई पुण्यात प्रभातच्या गेटवर उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. जुन्या वाचनालयात चौकशी करा, मिळालं तर सोडू नका, कारण सिनेमात यायला निघालेल्या मुलींशी आतली बाई सरळ बोलतेय असं त्या काळात फार कमी सापडतं.

मग युद्धाची वर्षं. कच्च्या फिल्मची टंचाई, सिनेमाच्या लांबीवर सरकारची मर्यादा, आणि ह्या सगळ्यात शांताबाई कुठे कुठे पोचल्या बघा: १९४१ ला तमिळ 'सावित्री', त्यासाठी तमिळ शिकल्या, त्यात नारद कोण तर कर्नाटक संगीतातल्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी! १९४२ ला लाहोरचा 'जमीनदार', संगीत गुलाम हैदरांचं. १९४३ ला 'दुहाई', सोबत नूरजहाँ. ह्यातलं पूर्ण सिनेमा म्हणून काय मिळेल ते मिळेल, इथे मात्र गाण्यांवर भागवावं लागतं. जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून सिनेमातलं गाणं हाती लागलं तर तेच आधी ऐका.

शेवटी 'सुभद्रा' (१९४६) मधलं लताबाईंबरोबरचं गाणं. लता तेव्हा अगदी नवीन होती, म्हणून सगळे तिचाच आवाज शोधत बसतात. तुम्ही एकदा तरी फक्त शांताबाईंच्या ओळी ऐका.