एडिटिंग शिकायचंय पण बजेट टाइट आहे? मग कॉम्प्युटर असा निवडा

दर महिन्याला ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "पोराला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, कुठला कॉम्प्युटर घेऊ?" मी उलट विचारतो, तो शूट कशावर करतो? समोरचा गप्प. अहो पण सगळं तिथेच ठरतं ना.

आधी स्वतःच्या क्लिपा बघा

दुकानात जायच्या आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मित्राच्या कॉम्प्युटरवर टाका आणि आपल्या मोबाईलमधल्या चार-पाच क्लिपा त्यात उघडा. वहीत तीन गोष्टी लिहा: १०८०पी का ४के, एच २६४ का एच २६५ (व्हिडिओ दाबून छोटा करून साठवायच्या या दोन पद्धती, दुसरीलाच एचईव्हीसी म्हणतात), ८ बिट का १० बिट (रंगांच्या छटा किती बारीक साठवल्यात ते).

एच २६५ ची फाइल छोटी असते म्हणून आपण खूश. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबीत बसतं. पण फाइल छोटी होते कशी, तर बऱ्याचशा फ्रेम त्यात पूर्ण नसतातच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं, त्यामुळे टाइमलाइनवर (एडिटरमध्ये क्लिपा ओळीने मांडायची पट्टी) मधेच कुठे क्लिक केलं की कॉम्प्युटरला आजूबाजूचं सगळं जुळवून ती एक फ्रेम उभी करावी लागते आणि तिथे त्याला धाप लागते. एच २६४ मध्येही असंच असतं, पण एच २६५ चं गणित जास्त किचकट. म्हणून शिकताना १०८०पी आणि एच २६४ वरच शूट करा, आयफोनच्या सेटिंगमध्ये एच २६४ साठी 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायचं. एक रुपया खर्च न करता अर्धा प्रश्न सुटला. ४के च्या क्लिपा असतीलच तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिट करायला हलक्या कॉप्या, एक्स्पोर्ट, म्हणजे शेवटचा तयार व्हिडिओ काढणं, मात्र ओरिजिनलवरून.

सॉफ्टवेअर कुठलं?

गावातल्या लग्नाच्या स्टुडिओत काम धरायचं असेल तर आधी तिथे जाऊन विचारून या, अनेक ठिकाणी अजून एडियस चालतं. प्रीमियर प्रोला भाडं भरावं लागतं. दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन जबरदस्त आहे पण ते ग्राफिक्स कार्डावर जोर काढतं. साधी मशीन असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकटवर सुरुवात करा, कट, ऑडिओ, टायटल सगळं शिकता येतं, लाज वाटायचं काही कारण नाही.

प्रोसेसर, आणि ते 'एफ' अक्षर

इथे मी स्वतः फसलोय. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं आणि त्यात क्विक सिंक नावाची सोय असते, जी एच २६४, एच २६५ उलगडायचं काम वेगळ्या सर्किटवर करते. प्रीमियर आणि एडियस दोन्हीला ती चालते. पण नंबरच्या शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर ते ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही गेलं. दुकानदार म्हणाला थोडा स्वस्त पडतो, मी घेतला, आणि मग वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसेचना! गेमिंगवाल्यांना एफ चालतो, आपल्याला बिनएफचा बरा.

नवीन परवडत नसेल तर ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकले जाणारे, डेस्कटॉप बघा, डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. इंटेल आठवी जनरेशन किंवा त्यापुढचंच घ्या, आय फाइव्ह ८५०० मध्ये सहा कोअर मिळतात आणि शिकायला ते बास. सातवी स्वस्त मिळते पण बहुतेकांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

लॅपटॉपच हवा असा हट्ट असतो बऱ्याच जणांचा. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो, गरम कमी होतो आणि पुढे रॅम वाढवता येते. हॉस्टेलवर राहणाऱ्यांचं वेगळं.

रॅम, डिस्क, कार्ड

रॅम १६ जीबी, आणि ८-८ च्या दोन काड्या, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन काड्यांनी त्याला वेग मिळतो. ८ जीबीवर क्रोम आणि एडिटर एकत्र उघडलं की संपलंच.

विंडोज आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर (ही वेगवान डिस्क), जुनं सामान साध्या हार्ड डिस्कवर.

ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवशी नको. नंतर घ्याल तेव्हा बघा की ऑफिसवाल्या डब्यांचा पॉवर सप्लाय छोटा असतो, म्हणून वेगळी वायर न लागणारं कार्डच घ्या, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. डबा बारका असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे बुटकं, कार्ड. जीटी १०३० स्वस्तात कोणी गळ्यात मारेल, पण त्यात व्हिडिओ एक्स्पोर्ट करणारा एन्कोडरच नाही. जीटीएक्स १६५० मध्ये आहे, ४ जीबी मेमरीसकट. सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) चालवून बघा, बनावट कार्ड असेल तर ते बहुतेक वेळा नावापुढेच 'फेक' असं दाखवतं.

मॉनिटर आयपीएस पॅनलचा घ्या, नाहीतर मान जरा हलवली की रंग बदलतात आणि कलर करेक्शन कुठल्या बाजूने बघून करायचं तेच कळत नाही. आणि लाइट जाणाऱ्या गावात यूपीएसचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

दुकानात

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड, नाहीतर आपल्या गावातला ओळखीचा माणूस. पेनड्राइव्हवर आपल्याच क्लिपा आणि शॉटकटचं पोर्टेबल व्हर्जन न्या. तीन क्लिपा एकाखाली एक टाका, प्ले करा, बाजूला टास्क मॅनेजर (प्रोसेसर आणि रॅम किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा आणि दहा मिनिटं उभे राहा. पंखा ओरडतो का, प्लेबॅक अडकतो का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची हेल्थ बघा. टेस्ट करू देत नसेल तर शेजारच्या दुकानात जा, आणि पटलंच तर सिरियल नंबर आणि वॉरंटी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.