"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय" म्हणण्याआधी घरी करून बघा

२६ जुलै २००५ ला आमच्या कलिन्याच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा अठराचा. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. मी सगळ्यांना सांगत आलो की पाणी गळ्यापर्यंत होतं आणि दादा दरवेळी म्हणायचा, काहीतरी सांगू नकोस, कमरेपर्यंत होतं, यावरून आमची चांगली कडाक्याची भांडणं झालीत. मग गेल्या वर्षी जुनं लोखंडी कपाट हलवलं तर मागे गंजाची सरळ रेघ दिसली, टेप लावली तर साडेतीन फूट. नऊ वर्षाच्या पोराचा गळा आणि दादाची कंबर दोन्ही तिथेच येतात! म्हणजे इतकी वर्षं दोघंही खरं बोलत होतो आणि एकमेकांना खोटं पाडत होतो.

तेव्हापासून मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रयोग करायला लावतो, तुम्हीपण करा, नुसतं वाचून नाही पटत.

सगळ्यात आधी टिकलीचा. रेघांच्या वहीच्या पानावर डावीकडे पेनाने एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे साधारण ८ सेंटीमीटरवर एक छोटी लाल टिकली चिकटवा. आता डावा डोळा झाकायचा, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघायचं, टिकलीकडे नजर अजिबात वळवायची नाही (सगळे इथेच चुकतात) आणि वही हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणायची. साधारण ३० सेंटीमीटरच्या आसपास टिकली गायब होते, अजून जवळ आणली की परत येते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात म्हणून हे होतं. पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. टिकली गायब झाली तरी तिथे भोक किंवा काळा डाग दिसत नाही, वहीच्या रेघा सलग दिसतात. मेंदूने आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकली आणि आपल्याला कळवलंपण नाही, आणि हे आयुष्यभर चालू आहे.

दुसरा हातांचा. तीन पातेली घ्या, एकात सोसवेल इतकं गरम पाणी, एकात फ्रिजचं, मधल्यात कोमट. एक हात गरमात, एक गारात, मिनिटभर थांबा आणि मग दोन्ही एकदम कोमटात घाला. एक हात म्हणेल गार आहे, दुसरा म्हणेल गरम आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १७ व्या शतकातच हे लिहून ठेवलंय. एकाच माणसाच्या दोन हातांचं एकमत होत नाही तर दोन माणसांचं कसं होणार!

चंद्राचा प्रयोग पौर्णिमेला करा. उगवताना चंद्र केवढा मोठा दिसतो ना, तेव्हा हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून बघा, मग मध्यरात्री डोक्यावर आला की परत बघा. नख दोन्ही वेळा तेवढंच पुरतं. आणि हे माहीत असूनसुद्धा पुढच्या पौर्णिमेला तो मोठाच दिसतो, म्हणजे कळलं म्हणून दिसणं बदलत नाही.

आता वाद झाला की काय करायचं. बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहून काढायचं, कारण एकदा बोलणं झालं की आठवणी एकमेकांत मिसळतात. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवून वेग विचारला होता, प्रश्नात "धडकल्या" ऐवजी नुसता जास्त जोरदार शब्द वापरला तर लोकांनी वेगपण जास्त सांगितला. लिहिताना बघितलेलं आणि लावलेला अर्थ वेगळा ठेवायचा. "तो रागाने निघून गेला" असं नाही, "तो न बोलता निघून गेला" एवढंच, राग आपण घातलेला असतो. आणि समोरच्याला "तू खोटं बोलतोस" च्या ऐवजी "तू तेव्हा कुठे उभा होतास" विचारा, या एका प्रश्नाने आमच्या घरातली निम्मी भांडणं मिटली. जैन तत्त्वज्ञानात "स्यात्" म्हणतात ना, त्याचा अर्थ लोक "कदाचित" असा घेतात पण तो "एका अपेक्षेने" म्हणजे एका बाजूने बघितलं तर असा आहे. माझ्या उंचीच्या अपेक्षेने गळा, दादाच्या अपेक्षेने कंबर.

फक्त म्हणून प्रत्येकाचं सगळंच खरं असं मानू नका, ते मला अजिबात पटत नाही. पाणी साडेतीन फूटच होतं. मोजायला काही मिळतंय का ते आधी शोधा, रेघ, फोटो, तारीख टाकलेली पावती, काहीही.

आईला विचारलं तर तिला पाणी किती होतं ते आठवतच नाही, तिला आठवतं की दादा रात्रभर मला खांद्यावर घेऊन उभा होता. हे आम्हा दोघांच्याही कागदावर नव्हतं. आता काकांचं लिहून घ्यायचं राहिलंय, ते तेव्हा वरच्या मजल्यावर होते.