फार्मसी कौन्सिलच्या निवडणुकीत पोस्टाने मत कसं द्यायचं

फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम १९ प्रमाणे राज्याच्या फार्मसी कौन्सिलवर (फार्मासिस्टांचं रजिस्ट्रेशन बघणारी संस्था) ६ मेंबर आपण रजिस्टर्ड फार्मासिस्टच आपल्यातून निवडून देतो, तेही ५ वर्षांसाठी. मेडिकल दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांचं म्हणणं तिथे कोण मांडणार हे यातून ठरतं, म्हणून हे मत वाया जाता कामा नये.

सगळ्यात आधी आपल्या रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल बघा. फी वेळेत भरली नाही तर कलम ३४ नुसार रजिस्टरमधून नाव निघतं, आणि नाव नाही तर मतही नाही. मग पत्ता बघा, कारण मतपत्रिका रजिस्टरवरच्या पत्त्यावर येते आणि कित्येकांचा तिथे अजून कॉलेजच्या वेळचा भाड्याच्या खोलीचा पत्ता असतो. निवडणूक लागायची वाट बघू नका, आजच बदलून घ्या.

पाकीट आलं की आधी सूचनांचा कागद नीट वाचा, प्रत्येक निवडणुकीत बारीकसारीक फरक असू शकतो. साधारणपणे आत मतपत्रिका, सही करायचं डिक्लेरेशन आणि दोन लिफाफे असतात. मतपत्रिकेवर सांगितलेलीच खूण करायची, तीही सांगितलीय तेवढ्याच नावांपुढे, एक जरी जास्त झाली तरी मत बाद होऊ शकतं. नाव, सही, रजिस्ट्रेशन नंबर यातलं काहीही मतपत्रिकेवर लिहायचं नाही, ते सगळं डिक्लेरेशनवर. मतपत्रिका छोट्या लिफाफ्यात घालून चिकटवा, मग तो लिफाफा आणि डिक्लेरेशन मोठ्या लिफाफ्यात. असं यासाठी की मतमोजणीला आधी डिक्लेरेशन तपासून मतदार खरा आहे ना ते बघतात आणि मग आतले लिफाफे वेगळे काढून एकत्र मिसळतात, म्हणजे कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही. डिक्लेरेशन चुकून छोट्या लिफाफ्यात गेलं तर ही सगळी व्यवस्थाच कोलमडते.

आणि हे अगदी मनापासून सांगतो, कोरी मतपत्रिका कुणाच्याही हातात देऊ नका. "आम्ही सगळ्यांची एकदम टाकतो, तुम्ही फक्त सही करा" म्हणणारा कितीही ओळखीचा असला, अगदी तुमचा होलसेलर किंवा संघटनेतले दादा असले तरी नाही म्हणा. खूण तुमची, सही तुमची, पोस्टातही तुम्हीच टाका.

शेवटची तारीख म्हणजे लिफाफा रिटर्निंग ऑफिसरकडे (निवडणूक घेणारे अधिकारी) पोचायची तारीख, तुम्ही पोस्टात टाकायची नव्हे, तेव्हा त्या तारखेच्या आठवडाभर तरी आधी पाठवा. पाकीट आलंच नाही तर रजिस्ट्रेशन नंबर देऊन रिटर्निंग ऑफिसरला लगेच लेखी कळवा, फोनवर बोलून सोडून देऊ नका.